एक करार, चार सर्व्हर

पत्राचा गोषवारा: पत्रलेखक एका तालुक्याच्या गावी ट्रस्टच्या दीडशे खाटांच्या हॉस्पिटलात आयटी सांभाळतात. विभागात ते एकटेच. सर्व्हर रूममध्ये एकाच मॉडेलचे, एकाच बिलावर घेतलेले चार सर्व्हर आहेत. मूळ वॉरंटी संपल्यावर हॉस्पिटलने कंपनीचा सपोर्ट फक्त एकाचाच रिन्यू केला. नोंदणी, बिलिंग आणि केसपेपर ज्यावर आहेत त्याचा. आधीचे इंजिनिअर त्या एका लॉगिनवरून फर्मवेअर (यंत्राच्या आत बसून ते चालवणारं सॉफ्टवेअर) उतरवून चारही सर्व्हरवर टाकायचे. मागच्या पावसाळ्यात एक्स-रे आणि सीटीच्या प्रतिमा साठवणाऱ्या पॅक्स सर्व्हरची एक डिस्क गेली. ती काढून करारातल्या सर्व्हरमध्ये बसवली, कंपनीकडे तक्रारीचा कॉल लावला, नवी डिस्क आली आणि ती पॅक्समध्ये गेली. वरून सांगितलं म्हणून हे पत्रलेखकांनी स्वतःच्या हातांनी केलं. आता त्याच पॅक्स सर्व्हरचा रेड कंट्रोलर (माहिती अनेक डिस्कवर वाटून सांभाळणारं कार्ड) त्रास देतोय. प्रशासकीय अधिकारी म्हणतात, "लॉगमधला (यंत्राने आपोआप ठेवलेल्या नोंदीतला) सिरीयल नंबर बदला आणि कॉल लावा. एवढी मोठी कंपनी, तिला काय फरक पडतो?" डीलरचा माणूसही खासगीत तेच सुचवतो. उरलेले तीन सर्व्हर करारात घ्यायचे, तर मधल्या काळाची थकबाकी आणि वर जादा आकार असं कोटेशन आलंय. पत्रलेखक विचारतात, "ही चोरी की काटकसर? आणि नाही म्हटलं तर माझ्या नोकरीचं काय?"

---

आधी काटकसरीचं बघू, कारण त्याबद्दल तुम्ही उगाच ओशाळलेले दिसता. तीन सर्व्हरचा सपोर्ट रिन्यू न करणं यात काहीही गैर नाही. यंत्र हॉस्पिटलच्या मालकीचं आहे. वॉरंटी संपलेली आहे. ते उघडा, त्यात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून आणलेली जुनी डिस्क घाला, दुसऱ्या कुणाला एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) द्या, कुणाची हरकत असायचं कारण नाही. कंपनीचे सेल्सवाले "सपोर्ट नसलेला सर्व्हर म्हणजे जोखीम" असं सांगतात, तेव्हा ते जोखमीबद्दल बोलत असतात. आपण त्यातून नीतीचा अर्थ काढतो. सपोर्ट नको म्हणणं हा व्यवहार झाला. सपोर्ट नको म्हणायचं आणि तरीही तो घेत राहायचं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तुमच्या पत्रात या दोन्हींची सरमिसळ झाली आहे.

त्यातही तुम्ही सांगितलेले तीन प्रकार एका मापाने मोजता येणार नाहीत.

फर्मवेअरच्या बाबतीत माझी सहानुभूती बरीचशी तुमच्या बाजूला आहे. फर्मवेअरमधली चूक ही बहुतेक वेळा विकतानाच यंत्रात असलेली चूक असते. ती कंपनीने केली आणि दुरुस्तीही तीच करणार, तर त्यासाठी गिऱ्हाइकाने वर्षानुवर्षं वर्गणी का भरावी, हा प्रश्न रास्त आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत एचपीने प्रोलायंट सर्व्हरचं फर्मवेअर वॉरंटी किंवा करार असणाऱ्यांपुरतंच ठेवायचं ठरवलं, तेव्हा जगभरच्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी बोंब ठोकली होती. सुरक्षेशी संबंधित दुरुस्त्या सगळ्यांना मिळतील, असा खुलासा कंपनीला तेव्हा करावा लागला. सिस्कोचं धोरण तर लेखीच आहे. करार नसलेल्या गिऱ्हाइकाने उपकरणाचा सिरीयल नंबर आणि त्या त्रुटीच्या सूचनेचा दुवा देऊन मदत केंद्राशी संपर्क साधला, तर सुरक्षेची दुरुस्ती विनामूल्य मिळते. फुकट नवी वैशिष्ट्यं मिळत नाहीत, भोक बुजवून मिळतं.

म्हणजे तुमचे आधीचे इंजिनिअर जे मागच्या दाराने आणत होते, त्यातला निदान काही भाग पुढच्या दाराने मागितला तरी मिळाला असता. कुणी मागितलाच नाही. आपल्याकडे हे फार होतं. "देणार नाहीत" हे आपण आधीच ठरवून मोकळे होतो. तुमच्या कंपनीचं धोरण काय आहे ते तिच्या सुरक्षा सूचनांच्या पानावर वाचा आणि तिन्ही सर्व्हरचे खरे सिरीयल नंबर देऊन मागणी करा.

पण सहानुभूती म्हणजे परवानगी नव्हे. डाउनलोड करताना ज्या अटींना आपण न वाचता होकार देतो, त्यांत बहुधा हे फर्मवेअर करारातल्या यंत्रापुरतंच आहे असं लिहिलेलं असतं. "एका करारावर अनेक यंत्रं" हा धंदा मोठ्या प्रमाणावर करणाऱ्या टेरिक्स नावाच्या अमेरिकी दुरुस्ती कंपनीवर ओरॅकलने दावा लावला. २०१५ मध्ये टेरिक्सविरुद्ध ५ कोटी ७७ लाख डॉलरचा निवाडा झाला. ती कंपनी गिऱ्हाइकांकडून पैसे घेऊन हे करत होती आणि तुम्ही पगारी माणूस आहात, हा फरक मोठा आहे. युक्ती मात्र तीच आहे. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरण्याबद्दल आहे, हेही तुमच्या अधिकाऱ्यांच्या कानावर असू द्या.

आता डिस्क. इथे नीती बाजूला ठेवून आधी तुमच्याच धंद्याच्या अंगाने बघा, कारण त्या संध्याकाळी काय घडलं याची तुमच्या पत्रात मला पुरती जाणीव दिसली नाही. नोंदणी आणि केसपेपरचा सर्व्हर धडधाकट होता. त्याच्या रेडमध्ये एक डिस्क गेली तरी चालेल इतकी सोय होती. त्यातली चांगली डिस्क तुम्ही काढली आणि मेलेली घातली. म्हणजे कॉल लावल्यापासून नवी डिस्क येईपर्यंत, आणि नंतर रिबिल्ड (डिस्कवर माहिती पुन्हा भरणं) पुरा होईपर्यंत, हॉस्पिटलचा सगळ्यात महत्त्वाचा सर्व्हर विनाआधार चालत होता. तेवढ्यात आणखी एक डिस्क गेली असती, तर केसपेपरच गेले असते. ज्याच्यासाठी पैसे मोजले, त्यालाच पणाला लावलं, आणि कशासाठी, तर बाजारात जुन्या मालात सहज मिळणाऱ्या एका डिस्कसाठी. याला काटकसर म्हणवत नाही.

शिवाय दुसऱ्या सर्व्हरची डिस्क घातली की कंट्रोलर ती "फॉरेन", म्हणजे परकी, म्हणून नोंदवतो. कधी बसवली, कधी नापास झाली, सगळं वेळेसकट लॉगमध्ये असतं. सपोर्टला बसलेल्या माणसाने तो लॉग नीट वाचला असता तर त्याला कळलंच असतं. बहुधा त्याला कळलंही असेल आणि त्याने सोडून दिलं असेल.

आणखी एक. ती मेलेली डिस्क कंपनीने परत नेली ना? सदोष सुटा भाग परत द्यावाच लागतो. डिस्क स्वतःजवळ ठेवायची सोय वेगळे पैसे भरून घ्यावी लागते. म्हणजे पेशंटच्या सीटी-एक्स-रेचे तुकडे असलेली डिस्क, दुसऱ्याच सर्व्हरच्या नावाने, चुकीच्या कागदावर हॉस्पिटलच्या बाहेर गेली. उद्या कुणी विचारलं की ती कुठल्या यंत्रातली होती आणि तिच्यावर काय होतं, तर तुमच्या रजिस्टरमध्ये खोटं उत्तर आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तालुक्याच्या हॉस्पिटलला तेवढा होईल असं मी म्हणत नाही, पण ट्रस्टींना हा आकडा लवकर समजतो.

आणि तिसरा प्रकार, लॉगमधला नंबर बदलणं. इथे माझ्या मनात काहीही दुमत नाही. करू नका.

तुमच्या हॉस्पिटलात टीपीए (विम्याचे क्लेम हाताळणारी मध्यस्थ संस्था) डेस्क असेल. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कामही होत असेल. समजा, उद्या दोन भाऊ आले. धाकट्याचा विमा आहे, आजारी थोरला आहे. त्यांनी धाकट्याचं कार्ड पुढे केलं आणि म्हणाले, "साहेब, घर एकच आहे, विमा कंपनी एवढी मोठी, तिला काय फरक पडतो?" तुमचे प्रशासकीय अधिकारी काय करतील? ओळखपत्र तपासतील, फोटो ताडून बघतील आणि नाही म्हणतील. त्यांना त्या भावांची दया येईल, विम्याचा हप्ता महाग आहे हेही पटेल, तरी नाहीच म्हणतील. सिरीयल नंबर हे त्या सर्व्हरचं कार्डच आहे. तुम्हाला हा मुद्दा त्यांच्यापुढे मांडायचा असेल तर याच भाषेत मांडा. त्यांना संगणक कळत नसेल, क्लेम मात्र पक्का कळतो.

कायद्याच्या भाषेत, खोटं सांगून दुसऱ्याकडून वस्तू मिळवणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधल्या फसवणुकीच्या जवळ जातं. एका कंट्रोलरसाठी कुणी पोलिसांत जाण्याची शक्यता कमीच. कंपन्या सहसा तेवढं करत नाहीत. त्या करार रद्द करतात आणि दिलेल्या मालाचं बिल लावतात. म्हणजे केसपेपरच्या सर्व्हरचा सपोर्टही गेला.

"मोठ्या कंपनीला काय फरक पडतो" हे वाक्य मला नेहमी अर्धवट वाटतं. कंपनीला नाहीच पडत. पण तुमच्याकडे येतं कोण? जिल्ह्याच्या गावाहून पाठीवर बॅग टाकून मोटरसायकलवर येणारा पोरगा. बहुतेकदा तो त्या कंपनीचा नसतोच, कंत्राटदाराचा असतो. सर्व्हरच्या पुढची ती ओढून काढायची पट्टी बघून त्याने नंबर ताडायचा असतो. ताडला तर तुमचं बिंग फुटतं. नाही ताडला आणि पुढे ऑडिटमध्ये निघालं, तर पहिला तो जातो आणि मग खासगीत सल्ला देणारा तुमचा डीलर. त्या डीलरचं मला नवल वाटतं. कॉल लागताना त्याचं नाव कुठेही येत नाही, तुमचं येतं.

हॉस्पिटल ट्रस्टचं आहे, गरिबांसाठी आहे, वाचलेला पैसा पेशंटवरच खर्च होतो, असं तुम्ही लिहिलंय. असेल. मग हाच तर्क औषध पुरवठादाराला, वीज मंडळाला आणि तुमच्या पगाराला लावून बघा. सेवाभाव ज्याचा त्याने आपल्या खिशातून दाखवायचा असतो.

तरीही कंपनी साव आहे असं मी म्हणणार नाही. थकबाकीची मागणी मला एका मर्यादेपर्यंत समजते. नाहीतर सगळेच जण यंत्र बिघडल्याच्या दुसऱ्या दिवशी करार घेतील. पण थकबाकीवर आणखी जादा आकार, आणि सात-आठ वर्षं जुन्या यंत्रासाठी नव्याला शोभेल असा दर, ही अडवणूकच आहे. विक्रीनंतरच्या बाजारात गिऱ्हाइकाला कोंडीत पकडणं आपल्याकडे नवं नाही. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता. पुढे अपिलं झाली, पण मुद्दा नोंदला गेला. सर्व्हरवाल्यांसाठी असं काही झालेलं नाही. केंद्र सरकारचं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल २०२२ च्या डिसेंबरात सुरू झालं, तेही मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं आणि शेतीची यंत्रं यांच्यासाठी. ग्राहक संरक्षण कायद्याखालीही व्यावसायिक वापरासाठी घेतलेल्या वस्तूंची तक्रार सहसा टिकत नाही. तेव्हा तुमच्या हातात उरते ती घासाघीस, आणि ती तुम्ही अजून केलेली दिसत नाही. पहिलं कोटेशन हे पहिलंच कोटेशन असतं. तिमाही संपत आली की सेल्सच्या माणसाला टार्गेट असतं. तेव्हा जादा आकार माफ करून मागा. तिन्ही नकोत, एकच घेतो म्हणा. चोवीस तासांची सेवा नको, दुसऱ्या कामाच्या दिवशी आलात तरी चालेल म्हणा. डीलर बदलून विचारा. सर्व्हर ज्या डीलरकडून घेतला, सपोर्टचा करारही त्याच्याकडूनच घ्यावा लागतो हा गैरसमज आहे.

याच तिढ्यात सापडलेल्या बाकीच्यांसाठीही हे लिहितो. एकच करार आणि चार यंत्रं ही स्थिती कॉलेजांत, पतसंस्थांत, कारखान्यांत सगळीकडे आहे. बहुतेक ठिकाणी घोडं एकाच जागी अडतं: चारही सर्व्हर एकसारखे दिसतात, म्हणून त्यांचं महत्त्व एकसारखं मानलं जातं. एका कागदावर लिहून काढा की हे यंत्र एक दिवस बंद राहिलं तर काय अडेल, आणि एक आठवडा राहिलं तर काय. पॅक्स बंद पडला तर तुमच्याकडे सीटी थांबेल का? फिल्म काढून काम भागेल का? किती दिवस? दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ल्यात बंद पडले, तेव्हा नोंदणीपासून रिपोर्टपर्यंतची कामं कित्येक दिवस हाताने करावी लागली होती. त्याचं कारण वेगळं होतं, पण सर्व्हर नसलेलं हॉस्पिटल कसं दिसतं ते ट्रस्टींना समजावून सांगायला ते उदाहरण पुरेसं आहे.

हा कागद झाला की उत्तर बहुधा "चारही करारात घ्या" असं येत नाही. माझा अंदाज, तुमच्या बाबतीत दोन येतील. केसपेपर आणि पॅक्स करारात. तिसरा, ज्यावर हजेरी आणि कॅन्टीनचं सॉफ्टवेअर आहे असं तुम्ही लिहिलंय, त्याचं काम चौथ्यावर व्हर्च्युअल मशीन (एका सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा सर्व्हर) म्हणून हलवा आणि तिसरा यंत्रणेतून काढून टाका. मग तो सुट्या भागांसाठी हाताशी राहील. मॉडेल तेच आहे, डिस्क, मेमरी, पॉवर सप्लाय, कंट्रोलर, सगळं तुमच्याच कपाटात. कंपनीला हे आवडणार नाही, पण यात लबाडी नाही. फक्त करारातल्या सर्व्हरमध्ये हे भाग घालण्याआधी कराराच्या अटी वाचा. तिसऱ्या पक्षाची एएमसी हाही चांगला मार्ग आहे. त्यांचे दर कंपनीपेक्षा बरेच कमी असतात, पण ते सुटे भाग कुठे साठवतात ते स्वतः जाऊन बघा आणि फर्मवेअर कुठून आणता हे आवर्जून विचारा. उत्तर देताना माणूस हसला, तर तो तुमच्या आधीच्या इंजिनिअरचंच काम धंदा म्हणून करतोय.

आता नोकरी. नाही म्हणायचं, पण "हे अनैतिक आहे" असं म्हणत केबिनमध्ये शिरू नका. ज्याने वर्षानुवर्षं हे चालवलं त्याला तुम्ही चोर म्हणताय असं वाटेल आणि बोलणं तिथेच संपेल. असं म्हणा: "सर, कॉल माझ्या नावाने लागतो. इंजिनिअर येऊन पट्टीवरचा नंबर बघणार. पकडलं गेलं तर केसपेपरच्या सर्व्हरचा सपोर्ट जाईल, आणि ती जबाबदारी मी घेऊ शकत नाही. त्याऐवजी हे तीन पर्याय आहेत, दरासकट." आणि तो कागद पुढे ठेवा. हातात पर्याय असलेला नकार ऐकून घेतला जातो. तरीही "तेच करा" म्हणाले, तर संध्याकाळी एक साधी मेल टाका: आपल्या सूचनेनुसार अमुक करायचं आहे असं समजतो, त्यातली जोखीम अशी, कृपया कळवावे. बहुतेक वेळा त्या मेलला उत्तर येत नाही आणि विषय निघत नाही. कधीकधी रागावणं होतं. एवढ्याने नोकरी जाण्याची शक्यता कमी आहे, पण अजिबात नाही असं सांगून मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. एकट्याने विभाग सांभाळणाऱ्याला काढणं संस्थेला जड जातं, एवढं लक्षात ठेवा, आणि बायोडाटा अद्ययावत ठेवायला पैसे पडत नाहीत.

राहिली ती आलेली डिस्क. ती कंपनीला परत करायला तुम्ही परस्पर जाऊ नका. करार हॉस्पिटलचा आहे, कबुली द्यायची की नाही हे ठरवायचा अधिकारही हॉस्पिटलचा. तुमच्या रजिस्टरमध्ये मात्र खरं लिहा: कुठली डिस्क कुठून कुठे गेली, कोणत्या तारखेला, कुणाच्या सांगण्यावरून. आणि पॅक्सचा करार थकबाकीसकट घेतला, तर तो काळही त्यात भरून निघतो. काटेकोर माणसाला हे पुरेसं वाटणार नाही. मला वाटतं.

कंट्रोलरच्या बाबतीत घाई करू नका. तुम्ही लिहिलंय की सर्व्हर बंद पडत नाही, फक्त दुपारी प्रतिमा साठवताना फार मंदावतो. कंट्रोलर गेल्याची ही लक्षणं मला पुरती वाटत नाहीत. आधी त्याची बॅटरी तपासा. ती संपली की कंट्रोलर राइट कॅशे (लिहायची माहिती आधी झटपट धरून ठेवणारी मेमरी) बंद करतो आणि यंत्र असंच रखडत चालतं. बॅटरी कंट्रोलरच्या मानाने फार स्वस्त असते आणि बाहेर मिळते. कंट्रोलरच बदलायची वेळ आली तर त्याच मॉडेलचा घ्या, आधी पूर्ण बॅकअप घ्या आणि त्यातल्या दोन-चार स्टडीज (एकेका तपासणीच्या प्रतिमांचे संच) दुसरीकडे उघडून बघा. डिस्क काढण्यापूर्वी प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून स्लॉटचा नंबर पेनाने लिहा.